मी नाही मिसळणार!

…आणि वर मलाच म्हणतात, मावशी, तुम्ही फार बोलता! बोलू नको तर काय करू? तुम्हाला सांगते, पोहण्याच्या तलावावर नऊ वर्षं न्हाणीघरं घासतेय मी, पण त्या दिवसासारखा दिवस नाही पाहिला. चार वाजता तलावाच्या समितीचे अध्यक्ष येणार पाहणीला, आणि तीनला आमचे सुपरवायझर धापा टाकत हजर! "मावशी, हे डाग अजून तसेच? एका बादलीत ब्लीच ओता, त्यातच संडासाचं ॲसिड ओता. दोघांची ताकद एक झाली की डाग पळालाच पाहिजे!"

मी म्हटलं, मी नाही मिसळणार!

का म्हणजे? अहो, माझी थोरली दहावीला. घरात खोली एकच, ती मोठ्यानं पाठ करते, मी भांडी घासते, माझे कान काय झाकून ठेवू? सोडियम म्हणे पाण्यात टाकला तर भडकतो, क्लोरीन म्हणे विषारी वायू. पण सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो, दोघं घट्ट धरतात एकमेकांना, आणि होतं काय? मीठ! आपण भाजीत घालतो ते! म्हटलं, साहेब, ब्लीचमध्येही क्लोरीन असाच बांधलेला आहे, सोडियम आणि ऑक्सिजनबरोबर. त्यावर ॲसिड पडलं की सुटेल तो, आणि पलीकडे तलावात वीस पोरं पोहतायत…

तर साहेब हसले! "एवढी अक्कल आहे तर फरशी का पुसताय?"

अस्सं लागलं ना मला! म्हटलं, फरशी घाण होते म्हणून पुसते, अक्कल कमी आहे म्हणून नाही! "मग उद्यापासून येऊ नका." नाही येणार! पण मी नाही मिसळणार!

मग काय, साहेबांनी बाह्या सरसावून स्वतःच ओतलं की! बादलीतून हिरवट-पिवळा धूर, नाकात सुया टोचाव्यात तसा वास… "खॉक्, खॉक्, माव… खॉक्!" मी नाकाला रुमाल लावला, त्यांची कॉलर धरली आणि फरफटत बाहेर! मागून दार ओढलं, तलावाकडे धावत ओरडले, "पोरांनो, बाहेर! आहात तसे बाहेर!" ओली पोरं कुडकुडत रस्त्यावर, पण एकालाही साधा ठसका नाही, सांगते! साहेब मात्र तीन दिवस दवाखान्यात.

मग अहवाल आला. "सफाई कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे." वर मलाच म्हणे, करा सही! म्हटलं, मी नाही मिसळलं आणि मी नाही सही करणार! अध्यक्षांसमोर उभी राहिले. झालं ते सगळं सांगितलं. पोहायला शिकवणाऱ्या बाईही माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "मी ऐकलंय सगळं." अध्यक्षांनी फाडला कागद! नोकरीही राहिली!

…हो, साहेबांचीही राहिली. आता दर महिन्याला तेच आम्हाला सुरक्षेचं प्रशिक्षण देतात. पहिल्या रांगेत मी. परवा म्हणाले, "मावशी, क्लोरीनचं ते काय असतं, जरा हळू सांगा ना… लिहून घेतो."