डोंगरात रेंज नसते

— हो, मीच तो. नाही, पार्सल शेजारणीकडे ठेवा असं दादाला कळवलं होतं खरं, पण बेल वाजली, मला वाटलं तीच आहे — आता दार उघडलंच आहे तर या आत. बूट असू द्या, फरशी गार आहे. दादाचे मित्र म्हणजे घरचेच तुम्ही, संकोच करू नका, हीटरजवळ बसा. डोंगरात जाणारच होतो, अगदी सॅक भरून ठेवली होती, पण रात्रभर बर्फ पडलं, वरचा रस्ता बंद — घरी कळवायचं राहिलं एवढंच. आणि हे एवढ्या लांबून वागवत आणलंत, आहे तरी काय? — कानटोपी. आणि हातमोजे. वहिनीनं विणलेत? — बाबांनी मागे लागून विणून घेतले? हं. बसतात की. छान बसतात.

भिंतीवरचे फोटो ना? मीच काढलेत सगळे. हा तलाव गोठलेला आहे, इथली माणसं त्याच्यावरून कुत्री घेऊन खुशाल फिरतात, मी आपला काठाकाठानं — बर्फाचा काय भरवसा. आणि ही पिवळी काठी दिसते ना, अशा काठ्या रोवलेल्या असतात, वाट बर्फाखाली गेली की त्या धरून चालायचं. बुटांना खालून साखळ्या बांधायच्या, मग साखर चावल्यासारखी करकर होते पायाखाली, दुसरा आवाज नाही. आठवडाभर मी लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यात बसून असतो, कोपरापर्यंत वंगण — मग रविवारी माणसाला जरा आभाळ नको का? हवंच. त्यात चूक काय आहे? काही नाही. बाबांनी तुम्हालाही दाखवले हे फोटो? सगळे? एकेक मोठा करून? — त्यांना बोलायला वेळ लागतो हल्ली, त्या झटक्यापासून, तुम्ही बसून ऐकलंत म्हणजे कमाल आहे तुमची. रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा मला. पण रविवारी मी डोंगरात आणि डोंगरात रेंज नसते, त्याला मी तरी काय करणार.

काय म्हणालात? — फोटो? हो, येतात ना, लगेच येतात ग्रुपवर. वरूनच पाठवतो मी. — हो, वरूनच. — आता तुम्ही असं विचारल्यावर — टॉवर आहे हो वर, माथ्यावरच आहे, इथल्यापेक्षा चांगली रेंज. फोटो पाठवतो आणि फोन बंद करून टाकतो. — आजचा? आजचा दादानं तुम्हालाही धाडला? तो मागच्या हिवाळ्यातला आहे. चहा टाकतो, थांबा. साखर किती?

असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही त्यांना एकदाच भेटलात. बाबा कंडक्टर होते, भरलेल्या गाडीत मागच्या बाकावरच्याला हाक पोचायची त्यांची, आणि आता ‘पाणी’ म्हणायचं तर आधी ओठ हलतात, मग हात, मग येतो तो शब्द भलताच — आणि स्वतःच हसतात. मला बघवत नाही. — म्हणजे असं म्हणायची पद्धत आहे, बघवत नाही, ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं, पण तसं नाही ते. मला कंटाळा यायचा. झालं, बोललो एकदाचं. वडिलांचा कंटाळा. फोन बरणीला टेकवून ठेवायचो आणि हं हं करत कांदा चिरायचो, त्यांचं वाक्य मीच पुरं करून टाकायचो, तेही चुकीचं — गुडघा दुखतोय ना, गोळी घ्या — ते मान हलवायचे, नाही, नाही, आणि परत पहिल्यापासून सुरू. एकदा मी त्यांचा आवाज बंद केला. पूर्ण. ते बोलत होते आणि मी ओटा पुसत होतो, आणि सहज वर पाहिलं तर त्यांचं बोलणं थांबलेलं, नुसते बघत होते माझ्याकडे. किती वेळ बघत होते कोण जाणे. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हात वर केला त्यांनी, ठेव फोन म्हणून. पुढच्या रविवारी पहिल्यांदा डोंगरात गेलो, कुठल्या तोंडानं फोन घेणार होतो — आणि मग जातच राहिलो. लोक म्हणतात छंद चांगला आहे.

— बाबा अजून बसतात रविवारी? इस्त्रीचा सदरा घालून, फोन समोर ठेवून? तुम्ही पाहिलंत की दादानं सांगितलं? — पाहिलंत.

तुमचा फोन वाजतोय. बघू — आमच्या घरचाच नंबर आहे. घेऊ नका. नाही, घ्या, घ्या, नाहीतर काळजी करत बसतील पार्सलची. सांगा, दाराला कुलूप होतं, शेजारणीकडे दिलं. खोटं बोलायला लावतोय तुम्हाला, घरी आलेल्या माणसाला, कळतंय मला — पण तेवढं सांगा. कॅमेरा चालू करू नका. मी इथे खिडकीपाशी उभा राहतो, आवाज करणार नाही. बोला.

…

झालं? बराच वेळ नुसता कानाला धरून होतात. — बाबा होते? काय म्हणाले? दादाचं राहू द्या, बाबा काय म्हणाले ते सांगा. — मला कळवू नका म्हणाले? काय कळवू नका? — फोन केला होता हे. — मला कळलं तर मी घाईघाईनं खाली उतरेन. — आणि बर्फावर घसरेन.

एवढं सगळं बोलले? त्यांचं त्यांनी? तुम्ही मध्ये बोलला नाहीत ना?

चहा राहू द्या आता. तुम्ही निघा. दार जाताना ओढून घ्या.