घाटकोपरची फळमाशी आणि लॅबचा नर

अरे, माझी पीएचडी केळ्यावरच्या माश्यांनी जवळजवळ बुडवलीच होती! ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरच्या आमच्या स्वयंपाकघरातले फळमाशीचे नर पकडून मी त्यांची लॅबमधल्या माद्यांशी जोडी लावली. पिल्लं झाली, पण सगळी वांझ.

सर भडकले. "बाटल्या नीट धुतल्या नसशील. आता विषय बदल!"

मी रडकुंडीला आले. शेवटचा प्रयत्न म्हणून उलटं केलं: मादी घरची, नर लॅबचा. पिल्लं ठणठणीत, आणि त्यांनाही पिल्लं!

सर खूश. "अगं, तुझ्या घरच्या माश्यांत उड्या मारत जागा बदलणारे जनुक आहेत. घरच्या मादीच्या अंड्यात त्यांना आळा बसतो, लॅबच्या मादीच्या अंड्यात नाही, म्हणून ती पिल्लं वांझ. लिहायला घे!"

घरी येऊन आईला सगळं समजावलं. वांगी चिरता चिरता ती म्हणाली, "म्हणजे सून बाहेरची नको, जावई बाहेरचा चालतो."

सहा महिने तोंडाशी येऊन अडकलेलं वाक्य मी तेव्हा बोलून टाकलं. "आई, मुलुंडच्या जोसेफला रविवारी जेवायला बोलावू?"

आता आत तुमचा चहा टाकतोय ना, तोच.