तिसरी हाक

सासूबाई : "गारगोटे, ऊठ. कोंबडं ओरडून दमलं, तुझी पापणी हलेना." माझी आई असं उठवायची मला. पहिली हाक हळू, दुसरी दारातून, आणि तिसरीला शेजारचे उठायचे. अजून कानात आहे. तेव्हा सूनबाई, झोपाळूपणाचं कौतुक माझ्यापाशी नाही.

सून : कौतुक नको, आई. कात्री द्या. रक्ताचा रिपोर्ट आला की देईन म्हणाला होतात.

सासूबाई : चांगला आला तर, म्हणाले होते. तू कापलेला वकीलसाहेबांचा कोट विसरलीस? एक बाही मनगटापर्यंत, दुसरी कोपरापर्यंत. माणूस आरशात बघून म्हणाला, यातला मी कोणता?

सून : तेव्हा डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. बोटं अशी सुजलेली, की शिवताना बोटावर घालायचं अंगुस्तान चढत नव्हतं. वाचा तरी.

सासूबाई : चष्मा कुठाय? हं. टीएसएच. मागे किती होतं?

सून : अडुसष्ट.

सासूबाई : आणि आता तीन? अगं बाई. होतं नव्हतं तेही गेलं की. एवढ्या गोळ्या गिळून नापास?

सून : मार्क नाहीत ते, आई. हाका आहेत.

सासूबाई : कुणाच्या?

सून : मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्या. गळ्यात दुसरी, थायरॉइड. अंगात ऊब आणि चपळाई ठेवणं हे गळ्यातलीचं काम. ती पेंगली की वरची हाक मारते. तरी हलली नाही, तर आणखी मोठ्यानं. अडुसष्ट म्हणजे तुमच्या आईची तिसरी हाक.

सासूबाई : शेजारचे उठायचे ती.

सून : तीच. आता तीन, म्हणजे नुसतं कुजबुजणं. आणि ही खालची ओळ बघा, टी-फोर. गळ्यातली जे बनवते ते. मागे पार तळाला होतं, आता बरोबर मध्ये आलंय.

सासूबाई : म्हणजे तुझी कुंभकर्णी उठली.

सून : छे. ती अजून लोळतेच आहे. तिचं काम गोळी करते. काम झालेलं दिसलं की वरची गप्प बसते. म्हणून गोळी सोडायची नाही, पहाटे उपाशीपोटी घ्यायची, आणि लगेच चहा नाही.

सासूबाई : चहा नाही? मग हा आजार माझ्या शत्रूलाही नको. बरं, कागद कळला. पण कापडाला कागद कळत नाही. हे बघ, वकीलसाहेबांच्या दुसऱ्या कोटाची राखाडी लोकर, एकच तुकडा आहे. चुकलीस तर दुसरा नाही.

सून : आधी अंगुस्तान द्या. बघा, सरकन गेलं. आता कात्री.

(सासूबाई कमरेला खोचलेली कात्री काढून देतात. खडूच्या रेघेवरून कात्री न थांबता टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते; दोन्ही बाह्या कापून होतात.)

सासूबाई : थांब, दुसरी बाही पहिलीवर ठेव. कडेला कड. हं... केसाचा फरक नाही गं.

सून : मग? वकीलसाहेब कोणते?

सासूबाई : दोन्ही बाह्यांतले एकच. अशी चालली तुझी कात्री, की जुनं गाणं सुचावं.
कात्री निघाली फेरीला, खडूच्या रेघेवरी,
सुनेचा गं हात चाले, पाणी जसं उतारावरी.

सून : गाताना आवाज किती बसतो हो तुमचा. आणि ही कात्री इतका वेळ तुमच्या कमरेला, मग हातात होती ना?

सासूबाई : होती. का?

सून : तरी घेतली तेव्हा मूठ बर्फासारखी लागली. हात बघू. आई, भर उन्हाळ्यात?

सासूबाई : माझे हात असेच. गारगोटी काय उगीच म्हणायची आई?

सून : लहानपणापासून?

सासूबाई : कोट शिव तू. बोलत बसू नकोस.

सून : शिवते. आई?

सासूबाई : मला पहिलीच हाक ऐकू यायची गं. रोज. उठायचं मनात असायचं, अंगच उठायचं नाही. कुणाला सांगितलं नाही कधी. उद्या येशील माझ्याबरोबर, तपासायला रक्त द्यायला?