कोरड्या बाहीने घरी

मुलगी : बाबा, खिडकीच्या बरोबर खाली उभे राहू नका म्हटलं ना.

वडील : मग कुठे उभा राहू? खिडकी तर इथेच आहे.

मुलगी : चार पावलं मागे या आणि एका अंगाला व्हा. वरचं पाणी खाली येणारच, ते तुमचं वय बघून थांबत नाही.

वडील : बत्तीस वर्षं शिडीवर चढून, काचेला नाक लावून पुसलं. आता काय, लांबूनच नमस्कार.

मुलगी : आता ब्रश लांब दांड्याच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तुम्ही जमिनीवर. पाणी गाडीतल्या टाकीतून नळीने दांड्यात चढतं, ब्रशातून काचेवर पडतं. तुम्ही फक्त दांडा धरायचा. आणि तोंड मिटा.

वडील : मी काही बोललोच नाही.

मुलगी : बोलत नाही आहात, पण वर बघताना उघडं राहतं. काल दोनदा ठसका लागला.

वडील : तुझ्या या पाण्याला चवच नाही मुळी.

मुलगी : नसूच दे. क्षार काढलेलं पाणी आहे, म्हणून तर डाग न पडता आपोआप वाळतं.

वडील : हे आपलं तू म्हणतेस. काच ओली सोडून निघून जायचं म्हणजे मला आंघोळ करून अंग न पुसता बाहेर पडल्यासारखं वाटतं.

मुलगी : तो पुसायचा रुमाल खिशात ठेवा. बघितलाय मी. तिसऱ्या मजल्यावर पोचणार आहे का तो?

वडील : हातात असला की जरा बरं वाटतं.

मुलगी : हात खाली, बाबा. हात खांद्याच्या वर गेला की पाणी दांड्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर आणि तिथून थेट काखेत. कोपर बरगड्यांशी ठेवा.

वडील : असं?

मुलगी : असे तर कवायतीला उभे राहतात. सैल सोडा. हां. आता घासा, वर-खाली.

वडील : आलं काखेत.

मुलगी : किती?

वडील : थोडंसंच.

मुलगी : थोडंसं आणि पुष्कळ, आईला दोन्ही सारखंच. तिला वाटतंय तुम्ही बागेत फिरायला जाता. आठ दिवस माझ्याबरोबर कामावर येताय हे कळलं, तर तुमचं काम कायमचं बंद आणि मला घरातून हाकलेल. दोन महिन्यांपूर्वी ओल्या कपड्यांत दिवसभर शिडीवर राहिलात, न्यूमोनिया झाला, अकरा दिवस दवाखान्यात काढलेत. तिने तिथेच सांगितलं, काम संपलं. आणि तुम्ही मान डोलावलीत.

वडील : मान डोलावली तेव्हा मला एकशे तीन ताप होता. तापातला शब्द धरत नाहीत.

मुलगी : हे तिला सांगा.

वडील : म्हणून तर कोरडं राहायला शिकतोय. घरी बसून करू काय? एका दुपारी कपाटाचा आरसा तीनदा पुसला. तिसऱ्या वेळी तीच म्हणाली, बरं वाटत नाहीये का. घरात बसलो तर मी खरंच आजारी पडेन गं. गंमत नाही करत.

मुलगी : माहितीये मला. नाहीतर शिकवलं असतं का? झाली ही खिडकी. दांडा खाली घ्या, पण आधी पाण्याचा कॉक बंद...

वडील : घेतला.

मुलगी : आधी कॉक. बाबा, कॉक!

वडील : तू आधी ‘खाली घ्या’ म्हणालीस.

मुलगी : आणि तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंत. अरे देवा, डोक्यापासून भिजलात. बूटसुद्धा?

वडील : बूट बरे आहेत. मोजेच ओले झालेत.

मुलगी : गाडीत माझं जाकीट आहे, ते घाला.

वडील : ते गुलाबी? बागेतून काय सांगत येऊ?

मुलगी : कारंज्यात पडलो म्हणून सांगा.

वडील : बागेत कारंजं नाही. आणि तुझ्या आईला ते पक्कं ठाऊक आहे.

(रस्ता ओलांडून आई येते. हातात कापडी पिशवी.)

आई : नाहीच कारंजं. बाकसुद्धा दोनच आहेत, आणि आठ दिवसांत दोन्हींवर तुम्ही दिसला नाहीत.

वडील : अगं, तू इकडे कुठे?

आई : फिरायला. बागेत जरा गर्दी होती.

मुलगी : आई, चूक माझी आहे. मीच त्यांना...

आई : तुझा नंबर नंतर. रोजची कामं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवायची आणि वर लपवाछपवी करायची. अहो, पहिल्या दिवशी आलात तेव्हा दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत ओल्या होत्या. म्हणालात, घाम आला. अशा गार हवेत. तिसऱ्या दिवशी एकच बाही ओली. काल फक्त मनगट. म्हटलं, चला, माणूस सुधारतोय. आणि आज हे काय?

वडील : आज कॉक राहिला.

मुलगी : म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?

आई : इतकी वर्षं यांचे कपडे वाळत घालतेय. ओली बाही मला शिकवता?

वडील : मग बोलली का नाहीस?

आई : बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि भांडून तुम्ही पुन्हा शिडी बाहेर काढली असती. चोरून करताय म्हणून तरी अंग जपताय. हा घ्या सदरा, बनियन, मोजे. आधी डोकं पुसा.

वडील : इथे रस्त्यावर बदलू?

आई : गाडीत बसून बदला. तिच्या काचा हिने कधी धुतलेल्याच नाहीत, बाहेरून काही दिसायचं नाही.

वडील : तू रागावली आहेस.

आई : रागावले तर आहेच. भीतीही वाटते. अजून तुम्ही खोकलात की माझ्या हातातलं काम सुटतं.

वडील : मग सोडून देऊ का? तू म्हणशील तर देतो. आज ताप नाही मला.

आई : नका सोडू. दवाखान्यात चार दिवस तुम्ही डोळे उघडले नव्हते. पाचव्या दिवशी सकाळी उघडलेत. मला वाटलं, पाणी मागाल, नाहीतर मला हाक माराल.

वडील : काय म्हणालो मी?

आई : खिडकीकडे बघून म्हणालात, कोपऱ्यात डाग राहिलाय. मी बाहेर बाकावर जाऊन रडले, आणि मग त्या दिवशी पोटभर जेवले.