पोर्टलंडचा नीरफणस

“जमैकाचं पोर्टलंड म्हणजे आपलं कोकणच, हवाबी!”

अब्बास खलाशाच्या नि हवाबीच्या लग्नात ऐकलेला त्याचा तो आवाज वीस वर्षांनी दुबईत, देऱ्याच्या धक्क्यावर, होडीच्या रांगेतही तस्साच घुमत होता.

“मागं निळे डोंगर, पुढं दर्या. गुलामांच्या पोटाला म्हणून गोऱ्यांनी दूरच्या बेटांवरून नीरफणस आणला. आता घरोघरी झाड!”

“आणि गुलाम?”

“कितीक त्याआधीच डोंगरात पळाले, तिथूनच लढले. शेवटी गोऱ्यांनीच तह केला.”

“एवढं ठाऊक? कोण होती ती?”

रांगेतली चार डोकी मागं वळली.

“कुणी नाही गं!”

“खलास! खरं सांगा, नाहीतर होडीत पाय ठेवणार नाही.”

“केळी चढवणारा म्हातारा सांगायचा. मी जहाजावरून उतरलोच नाही, हवाबी. आठ दिवस भटारखान्यात नीरफणस सोलत होतो!”