अहो, बोंबील खातो मी!

...आणि वर मलाच विचारतात, "काय रे बाळाराम, तुझ्या बायकोनं रूपाचा उखाणा चोरला म्हणे?" चोरला? रूपाचा? अहो, बोंबील खातो मी!

थांबा, तुम्हाला सांगतो. मी काल्हेरला गोडाऊनमध्ये सुपरवायझर, राहायला दिघाशीला. पुतण्याच्या हळदीत आमच्या तुळजानं माईक धरला नि स्वतः जुळवलेला उखाणा घेतला,

"काल्हेरच्या गोडाऊनवर ट्रकांची दाटी,
बाळारामराव घरी पळतात सुक्या बोंबलासाठी!"

मांडव हसून लोटपोट! मी लाजलो, पण... बरं वाटलं हो. खोटं कशाला बोलू?

आणि शेजारच्या रूपानं काय करावं? दुसऱ्या हळदीत तोच उखाणा, काना-मात्रेचा फरक न्हाय, फक्त बाळारामच्या जागी धनेश! वर त्याचा व्हिडिओ, गावभर स्टेटसला! आता धनेश कोण, तर तिचा नवरा. कामतघरला कापडाचा लूम चालवतो, काल्हेरचं गोडाऊन कधी आतून बघितलेलं न्हाय, नि गळ्यात माळ! माळकरी माणूस बोंबलामागं पळतो? अहो, बोंबील खातो मी!

तुळजा पेटली. "अवो, ते कॉपीराइट का काय असतं ना, ते लावा तिच्यावर!" आणि वाढताना भांडी अशी आपटायची की... गेलो बाबा तिला घेऊन भिवंडीत मुबश्शिर वकिलांकडं. आमच्या शेटची कामं तेच बघतात, भला माणूस. उखाणा ऐकून आधी पोटभर हसले, मग म्हणतात कसे, "देखो ताई, नवऱ्याचं नाव घ्यायची रीत सगळ्यांची. दाटीला साठी जुळवणं, तेही मोकळं. नवरा बोंबलासाठी पळतो, ही कल्पना कुणीही उचलावी. पण हे शब्द तुम्ही असे जुळवलेत ना, त्यावर हक्क तुमचा. नोंदणी नसली तरी. फक्त दोन ओळींना कोर्ट कितपत दाद देईल, ते मी न्हाय सांगू शकत."

मी विचारलं, "आणि माझं नाव?"

"नावाला कॉपीराइट नसतो, भाऊ."

घ्या! आख्ख्या उखाण्यात फुकट काय, तर मी!

परत यायला रिक्षात बसलो. तुळजा हळूच म्हणाली, "अवो, तिनं सगळं नेलं, तुमचं नाव तेवढं सोडलं. ऱ्हाऊ दे. मला तेवढंच पुरं." विरघळलो हो मी! रिक्षावाल्याला दिसू नये म्हणून बाहेर बघायला लागलो.

पुढच्या हळदीत तिनं परत तोच उखाणा घेतला. बाया ओरडल्या, "अगो, हा तर रूपाचा!" तुळजाचा चेहरा एवढासा झाला... तेवढ्यात माझी थोरली बहीण, आक्का, मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून, "अगो रूपा, तुझा धनेश कवापासून बोंबील खायला लागला गो?"

झालं! धनेशनं आधी गळ्यातली माळ चाचपली! रूपा पदरात तोंड लपवून म्हणते, "तुळजाचाच हाय गो... मला लय आवडला, मंग घेतला." आणि आमची तुळजा, जी वकिलाकडं गेली होती, तिनं रूपाला मिठीच मारली! "रडू नको गो, तुला नवा जुळवून देते!"

आता गावातल्या सगळ्या बाया आमच्या ओट्यावर. "तुळजा, आमच्या ह्यांच्यावर एक कर ना!" मी शिफ्ट सुटली की पळत येतो, ताटात बघतो तर वरण! "अवो, रूपाच्या उखाण्यात धनेशची माळ बसत नव्हती, चुलीकडं बघायला वेळच न्हाय झाला!" हक्क तिचा, नाव फुकटचं, नि बोंबील... अहो, बोंबील खातो मी!

म्हंजे... खायचो.