न्हाणीघराची कडी बाहेरून लावल्याबाबत

दिनांक १७ मे १९६५.

नाव राहीबाई भ्रतार कै. कोंडिबा निकम, वय अंदाजे अठ्ठेचाळीस वर्षे, धंदा शेती, राहणार रहिमतपूर, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, माझे व्याही सुभेदार हंबीरराव सावंत, राहणार उंब्रज, यांनी माझ्याविरुद्ध दिलेली तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. काल सकाळी मी त्यांना त्यांच्याच न्हाणीघरात कोंडले, हे खरे आहे. कडी मीच लावली. मला कोणी शिकवले नाही आणि मी कोणाची मदत घेतली नाही. तक्रारीत ‘वेडाच्या भरात’ असे लिहिले आहे, तेवढे खोटे आहे. मी पूर्ण शुद्धीवर होते व आजही आहे.

माझी एकुलती मुलगी हरणाबाई ही सुभेदारांचे चिरंजीव धनाजी यांना दिली होती. गेल्या पौषात सासरी पाणी तापवण्याची टाकी फुटून ती भाजली व सातारच्या दवाखान्यात वारली. त्या वेळच्या पंचनाम्यात ‘मयताने जाळ जादा घातल्याने’ असे लिहिलेले आहे. ते सुभेदारांच्या सांगण्यावरून लिहिले गेले. पंच त्यांच्याच पंक्तीचे होते. मेलेल्या माणसाला तोंड नसते, त्यामुळे सगळा दोष तिच्या माथी मारून मंडळी मोकळी झाली.

टाकीची हकीकत अशी की, सुभेदारांनी पलटणीत असताना साहेबाच्या बंगल्यात तसली टाकी पाहिली होती. पेन्शनीत आल्यावर त्यांनी कोयनानगरच्या वसाहतीत मोडीत निघालेली एक तांब्याची टाकी आणून बसवली. आपला बंब वरून उघडा असतो, ही टाकी चहूबाजूंनी बंद. टाकीचे पोट न्हाणीघरात, आणि जाळाचे तोंड, तोटी व एक बारकी नळी परसात. माळ्यावरच्या पिंपातून गार पाणी आत येते, पण मधल्या झडपेमुळे परत वर जात नाही. टाकी बसवली त्या दिवशी मी तिथेच होते. सुभेदारांनी आम्हां सर्वांना उभे करून समजावून सांगितले होते. त्यांचे शब्द असे : “पानी तापलं की फुगतं. फुगल्यालं पानी ह्या नळीतनं ठिबकतं. ही नळी म्हंजी टाकीचं नाक हाय.”

जाळ घातला की नळी ठिबकायची. त्यावरून गावात चेष्टा सुरू झाली की, सुभेदारांनी पलटणीतून गळकी टाकी आणली. ठिबकत्या घरात लक्ष्मी टिकत नाही, असेही बायका म्हणू लागल्या. चार लोकांत आपले नाक कापले जाऊ नये म्हणून सुभेदारांनी टाकीचे नाक बुजवले. घरी पाहुणे आले की ते नळीत बाभळीची खुंटी ठोकायचे आणि वरून तारेचा पीळ द्यायचे. हरणाबाई दिवाळीला आली तेव्हा मला म्हणाली, “आये, खुंटी मारली की टाकी कुथती. मी लाकडं वडली की मामंजी वरडत्यात.” मी उंब्रजला जाऊन सुभेदारांना विचारले. बायकांनी चुलीपुरते बघावे, असे त्यांनी हसून सांगितले.

पौषात त्यांच्याकडे पाहुणे होते. हरणाबाई जाळापुढे बसलेली असताना टाकीचा सांधा फुटला. दवाखान्यात तिला बोलता येत होते तोवर ती मला खुंटीचेच सांगत होती. ऐकणारी मी एकटी. सुभेदारांनी मात्र खुंटी नव्हतीच, असे छातीठोकपणे सांगितले आणि सुनेचाच हात सैल होता, अशा उलट्या बोंबा मारल्या.

पुढे त्यांनी सांधा बसवून टाकी पुन्हा चालू केली आणि वैशाखात धनाजीचे दुसरे लग्न काढले. आमच्यात दुसरेपणाची मुलगी आली की तिच्या गळ्यात मयत सवतीचा टाक घालतात आणि मयताची आई तिला लेक मानून लुगडे नेसवते. त्या रीतीने मला बोलावणे आले. मला नाही म्हणता आले असते, पण मी गेले. नवी मुलगी मनुबाई हिला मी लुगडे नेसवले. तिच्या गळ्यात माझी हरणाबाई चांदीच्या पत्र्यावर बोटाएवढी उरली होती. मुलगी पाया पडली व मला आये म्हणाली.

काल सकाळी मांडव माणसांनी भरलेला होता. लग्नानंतर मनुबाईची हळद उतरवण्याच्या न्हाणासाठी पाणी तापत ठेवले होते व जाळापुढे तिलाच बसवले होते. मी परसात गेले तर नळी ठिबकत नव्हती. नळीत खुंटी होती, वर तारेचा पीळ होता. मी सुभेदारांना तिथे बोलावून ती दाखवली. शुभकार्यात ठिबकणे बरे दिसत नाही, असे ते म्हणाले. पुढे म्हणाले, “तुमच्या पोरीनं जाळ जादा घातला, विहीणबाई. हिला आमी नीट शिकवलंय.”

एवढे ऐकल्यावर माझ्या मनात काय करायचे ते ठरले. मी त्यांना म्हटले की, मोठ्या माणसाची आंघोळ आधी व्हावी. त्यात त्यांना काही वावगे वाटले नाही. मी तोटीखाली बादली भरून आत ठेवली. ते आत गेल्यावर मी तोटी गच्च बंद केली, मनुबाईला उठवून मांडवात पाठवले आणि कडी लावली. मग तिच्या जागी मी बसले व उसाचे वाळलेले पाचट जाळात घालत राहिले. धनाजी व इतर दोघे कडी काढायला आले. मी हातात जळते लाकूड धरल्यामुळे कोणी पुढे झाले नाही.

टाकी कुथू लागली. माझ्या मुलीने सांगितले होते तसाच आवाज. आधी सुभेदारांनी दार वाजवले, मग जाळ कमी करा असे ओरडले, मग तोटी सोडा म्हणाले. मी आणखी पाचट आत सारले. शेवटी ते म्हणाले, “खुंटी काढा, टाकी फुटंल.” तेव्हा मी विचारले, “कसली खुंटी, सुभेदार? खुंटी नव्हती म्हनला व्हता की.”

ते म्हणाले, “व्हती. हरणीच्या टायमालाबी व्हती. मीच मारली व्हती. पोरीचा काय गुना न्हाई. काढा, विहीणबाई.”

मांडवातल्या माणसांनी ते ऐकले. मागच्या बाजूच्या वडीलधाऱ्यांना नीट ऐकू आले नसेल असे वाटून मी त्यांना पुन्हा बोलायला लावले. ते पुन्हा बोलले, पहिल्यापेक्षा स्पष्ट. मला त्याचे समाधान वाटले आणि अजून वाटते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. त्यांना पहिल्यांदाच कळले.

त्यानंतर मी जाळ बाहेर ओढला, तोटी सोडली, वाफेचा जोर सरल्यावर खुंटी काढली आणि कडी उघडली. सुभेदारांच्या अंगाला कुठेही इजा झालेली नव्हती. ते पंचा गुंडाळून मांडवातून चालत गेले. त्यांना कोणी हात दिला नाही. मनुबाई तिच्या आईच्या संमतीने माझ्याबरोबर रहिमतपूरला आली आहे. ती टाकी त्या घरात आहे तोवर मी तिला सासरी पाठवणार नाही.

माझ्या भल्यासाठी हवालदारसाहेबांनी विचारले की, ‘जिवे मारण्याचा इरादा नव्हता’ असे लिहू का. तसे लिहू नये. इरादा होता. सुभेदारांच्या तोंडून माझ्या मुलीचे नाव निघेपर्यंत होता. ते गप्प राहिले असते तर मी पाचट घालत राहिले असते. टाकी फुटली असती तर तिच्यापुढे मीही बसलेली होते, हेही लिहावे.

माझा जबाब मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे व खरा आहे. सुभेदार बाहेर बाकावर बसलेले असल्याने मी तो दार उघडे ठेवून, मोठ्याने वाचायला लावला.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, राहीबाई निकम.